लिफ्टखाली बाबा

माझे वडील पुंजाराम पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि गाडीखाली राहायला गेले. हे वाक्य आईचं आहे, आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नाही. अकोल्याच्या घरी मी कधीही गेले तरी अंगणात पांढऱ्या गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले दिसतात. त्या पायांशी बोलूनच मी घरात जाते.

याला कारण एक गॅरेजवाला. त्याने एकदा चाकाचा नट नीट आवळला नाही आणि मूर्तिजापूरच्या रस्त्यावर चाक डुगडुगायला लागलं. तेव्हापासून आपला हात जगन्नाथ. ऑइल बदलणं, ब्रेक उघडणं, सगळं बाबा स्वतः करतात. पण गेल्या वर्षी कंबर धरली. डॉक्टरांनी जॅक लावून, अंग दुमडून गाडीखाली शिरायला मनाई केली. एखाद्याने गाडी गॅरेजात नेली असती. बाबांनी गाडीच वर उचलायची ठरवली, म्हणजे खाली ऐसपैस जागा होईल.

मी अमरावतीला एका लॅबमध्ये रक्त तपासते. दिवसभर दुसऱ्यांचे आकडे बघून थकून घरी आले की बाबांचा फोन यायचा आणि लिफ्टपुराण सुरू व्हायचं. पहिली लिफ्ट कात्रीसारखी उघडणारी, गाडीच्या मधोमध बसणारी. ती बाबांनी लगेच मोडीत काढली. "खाली गेल्यावर इंजिन दिसाले पायजे, हिच्यात लिफ्टच दिसते," ते म्हणाले. दुसरी गाडीला एका बाजूने उचलून कलती करणारी. तिला वीज लागत नाही, पण बाबा म्हणाले, "गाडी कुशीवर झोपवून ऑइल कसं काढू?" शेवटी तिसरी पसंत पडली. दोन लांब लोखंडी चौकटी, गाडीच्या दोन्ही बाजूंना एकेक. मधली जागा मोकळी. पंप वेगळा, चाकांवर फिरवता येणारा. काम झालं की चौकटी भिंतीला उभ्या करून ठेवायच्या.

बाबा बेफिकीर आहेत असं कोणी म्हणू नये. गाडीच्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट भार पेलेल अशी लिफ्ट त्यांनी निवडली. तेलाचा दाब गेला तरी गाडी खाली येऊ नये म्हणून चौकटीत लोखंडी खिट्टी असते, तिला लॉक म्हणतात. "लॉक नसंल तं मले दाखवूच नका," असं त्यांनी नागपूरच्या दुकानदाराला सुनावलं होतं. माझा भाऊ किशोर पुण्याहून फोनवर सल्ले देत होता. उंटावरून शेळ्या हाकणं त्याला छान जमतं. त्यातला एकही बाबांनी ऐकला नाही, आणि त्यात काही बिघडलंही नाही.

बिघडलं ते जमिनीत. माहितीपुस्तकाच्या पहिल्याच पानावर ठळक लिहिलं होतं की लिफ्ट फक्त सपाट, पक्क्या काँक्रीटवर ठेवावी. आमच्या अंगणात गट्टू आहेत, म्हणजे ते सिमेंटचे ठोकळे, काळ्या मातीवर दगडाची थोडी चुरी टाकून बसवलेले. मी ते पान बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं.

"गट्टू काय लाकडाचे असतात काय?" बाबा म्हणाले. "सिमेंटच हाये."

"खाली काळी माती आहे ना, बाबा."

"म्हनून तं लिफ्ट मे महिन्यात लावून राह्यलो. तुले काय ठाव काया मातीचं? मे महिन्यात तिच्यावर भरलेली बैलगाडी जाते, चाकोरी उमटत नाई. दगड होते दगड."

बाबांचं बालपण बार्शीटाकळीजवळच्या शेतात गेलेलं. पावसाळ्यात काळी माती फुगते, बुटाला किलोकिलोने चिकटते, आणि उन्हाळ्यात वाळून कडक होते, हे आमच्याकडे शाळेत शिकवावं लागत नाही. बाबांनी चार महिने थांबून मातीचा मुहूर्त काढला होता. पुस्तक लिहिणाऱ्याला हे कुठून माहीत असणार, असा त्यांचा एकूण भाव होता.

आता आईबद्दल. आई म्हणजे दुर्गाबाई. तिने लग्नात उखाण्यात बाबांचं नाव घेतलं, त्यानंतर कधी नाही. तिच्या माहेरी अंजनगावला बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, आणि ही गोष्ट तिने माहेरच्या भांड्यांसारखी जपून आणली. बँकेत कोणी नवऱ्याचं नाव विचारलं की ती माझ्याकडे बोट दाखवते, "हिले विचारा." घरात बाबांना हाक मारायची ती "अवो". दिवसभर अवो. अवो, भाजी आणा. अवो, कोनी आलं पाहा. अवो, पंखा बंद करा. इतक्या वेळा ऐकल्यामुळे बाबांच्या कानाला त्या शब्दाचा घट्टा पडलेला आहे. ते "हं" म्हणतात आणि हातातलं काम चालू ठेवतात. पालथ्या घड्यावर पाणी. मी लहान असल्यापासून हे असंच चाललं आहे आणि मला त्याचा राग येतो, पण आईला येत नाही, म्हणून मी गप्प बसते.

मे महिन्यातल्या एका रविवारी लिफ्ट पहिल्यांदा लावायची ठरली. मी आदल्या दिवशीच अकोल्याला पोचले होते. ऊन चढायच्या आत काम उरकायचं म्हणून बाबा सकाळीच अंगणात. आईने पूजेशिवाय हात लावू दिला नाही. चौकटींना कुंकू लावलं, नारळ फोडला आणि नव्या गाडीला ठेवतात तसं चाकाखाली लिंबू ठेवलं. मग बाबांनी पंपाचं बटण दाबलं. चाकं वर उचलली गेली आणि लिंबू जागच्या जागी राहिलं. आईला हे अजिबात पटलं नाही. लिंबू चिरडलं जायला हवं होतं. बाबा हसले, तीही थोडी हसली.

बाकी सगळं बाबांनी पुस्तकाबरहुकूम केलं. गाडीच्या कडेला उचलायच्या जागा ठरलेल्या असतात, तिथेच रबराचे ठोकळे लावले. चाकं जमिनीपासून सुटताच थांबून गाडी हलवून पाहिली. मग वर घेतली, दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या पडल्याचा आवाज ऐकला, गाडी त्या खिट्ट्यांवर टेकवली. तीनदा पाहिलं. मग चाकं लावलेल्या फळीवर पाठीवर झोपून आत सरकले. आतून त्यांचा आवाज आला, "राजावानी वाटून राह्यलं." मला खरंच बरं वाटलं. कंबरेच्या दुखण्यानंतर त्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता.

आमच्या पुढच्या खोलीच्या खिडकीत कूलर आहे. अकोल्यात मे महिन्यात कूलर बंद करणं म्हणजे माणसाचा जीव मागण्यासारखं आहे. त्याच्या टाकीतून उतू जाणारं पाणी वाया जाऊ नये म्हणून आईने नळी मोगऱ्याच्या वाफ्यात सोडली होती. वाफा अंगणाच्या डाव्या कडेला, गट्टूंना लागून. महिनाभर ते पाणी रोज थेंबथेंब मुरत होतं. सगळं अंगण दगड झालेलं होतं, फक्त ती एक बाजू आषाढातल्या शेतासारखी झाली होती, आणि वरून गट्टू कोरडे ठणठणीत दिसत होते. बाबांनी मातीचा मुहूर्त काढला होता, कूलरचा काढला नव्हता. यात चूक नळीची की मुहूर्ताची, हे आमच्या घरात अजून ठरलेलं नाही.

आई अंगणालगतच्या ओट्यावर तुरीची डाळ निवडत बसली होती. मी ऑइल पुसायला जुने पेपर आणायला आत गेले होते, त्यामुळे पुढचं मी फक्त ऐकलं.

"अवो."

"हं."

"अवो, गट्टूच्या फटीतून पानी वर येऊन राह्यलं."

"येऊ दे. कूलरचं असंल."

"अवो, एक गट्टू वाकडा झाला. निघा ना बाहेर."

"थांब वं. नट हातात हाये."

"अवो. मी काय म्हनते, निघा."

"हं."

आणि मग मी आईचा एक आवाज ऐकला जो मी आयुष्यात कधी ऐकला नव्हता.

"पुंजाराम! बाहेर ये!"

अहो नाही, जाहो नाही. हातातले पेपर टाकून मी पळाले. दारात पोचले तेव्हा फळी पुढच्या बाजूने खाडकन बाहेर येत होती आणि बाबांचा एक हात हवेत होता. त्यांचं डोकं बंपरच्या पुढे आलं, मग छाती, मग पाय. डाव्या बाजूची चौकट सावकाश, कोणी बुडावं तशी जमिनीत गेली. रबराच्या ठोकळ्यांवरून गाडी घसरली आणि खाली आली. लॉक शेवटपर्यंत लागलेलं होतं. त्याने आपलं काम चोख केलं, त्याच्याखाली जमीन नव्हती एवढंच.

ऑइल धरायला ठेवलेलं पत्र्याचं घमेलं पोळीसारखं चपटं झालं. बाबांच्या छातीला लागूनच ते ठेवलेलं होतं. चाकाखालचं लिंबू आता मात्र चिरडलं गेलं.

बाबांच्या कोपराचं थोडं साल गेलं होतं. मी डेटॉल आणलं. बाटलीचं झाकण मला दोनदा फिरवूनही उघडेना, आणि मी रोज सुया टोचणारी बाई आहे. आईने सांडलेली डाळ सुपात गोळा केली, एकेक दाणा, आणि मग ती आत गेली. स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं तर ती गॅस न पेटवता ओट्याला धरून उभी होती. मी तिला मिठी मारली. ती म्हणाली, "त्याइले पानी दे आधी."

बाबांनी पाणी घेतलं. पेला खाली ठेवून ते मला म्हणाले, "मले वाटलं माय बलावून राह्यली."

त्यांची आई जाऊन पंचवीस वर्षं होत आली. त्यांना नुसत्या नावाने अरे-तुरे करून बोलावणारी बाई जगात तेवढी एकच होती. शेताच्या बांधावरून तिची हाक आली की हातातलं टाकून पळायचं, ही बाबांची लहानपणची सवय. त्या दिवशी त्यांनी विचार केलाच नाही. विचार केला असता तर आधी हातातलं काम संपवलं असतं.

आई दारात येऊन उभी राहिली.

"तू माह्यं नाव घेतलं," बाबा म्हणाले.

"मंग काय करू? अवोनं निघत नव्हते."

बाबा खाली मान घालून बसले. मी त्यांना रडताना पहिल्यांदा पाहिलं.

पावसाळ्याच्या आधी गट्टू उखडले. काळी माती खोल काढून मुरूम भरला, धुम्मसाने ठोकून घट्ट केला, वर सळया टाकून जाड काँक्रीट केलं. बाबांनी त्यावर पाणी मारून ते नीट मुरू दिलं आणि महिनाभर त्यावर सायकलही नेऊ दिली नाही. कूलरची नळी मागच्या अंगणात गेली. मोगरा वाळला. त्याबद्दल आई अजून कुरकुरते.

दिवाळीच्या आधी लिफ्ट पुन्हा लागली. मी होते. बाबांनी चौकटींच्या बुडाशी खडूने रेघा मारल्या, हललं तर दिसावं म्हणून. थोडं उचललं, हलवलं, खिट्ट्या पाडल्या. शिवाय गाडीच्या पोटाखाली दोन मजबूत स्टँड उभे केले. मग ओट्यावर आईसाठी खुर्ची ठेवली आणि म्हणाले, "इथी बस. डाळबिळ काई नको. नुसती पाह्य."

आई बसली. पदर खोचून, हात मांडीवर ठेवून, सिनेमा बघायला बसावं तशी. बाबा आत सरकले. पान्याचा आवाज सुरू झाला.

थोड्या वेळाने आई म्हणाली, "अवो."

पाना थांबला. फळीची चाकं काँक्रीटवर खडखडली आणि बाबा पूर्ण बाहेर आले, तोंडाला काळं लागलेलं. खडूच्या रेघांकडे पाहिलं. सगळं जागच्या जागी होतं.

"काय झालं?"

"काई नाई," आई म्हणाली. "येता का ते पाहून राह्यली होती."

बाबा तिच्याकडे पाहत राहिले. मग पुन्हा गाडीखाली गेले.