बाळंतपणाचा थर्मास

मित्रांनो, माझं झाकण मूळचं नाही, पट्टा दोनदा शिवलेला आहे आणि अंगावरची निळी फुलं आता ओळखू येत नाहीत. मी एक जुना थर्मास आहे. वरवट बकालला, हिंमतरावांच्या घरी स्वयंपाकघराच्या फळीवर माझा मुक्काम असतो. स्वभावानं मी जरा फुशारक्या आहे, हे आधीच सांगून टाकतो.

बाहेरून मी पत्र्याचा दिसतो, पण माझ्या पोटात काच आहे. कारखान्यात त्या काचेच्या दोन भिंती केल्या आणि मधली हवा काढून घेतली. म्हणून गरम ठेवाल तर गरम राहतं, थंड ठेवाल तर थंड. हिंमतरावांनी मला शेगावहून विकत आणलं, तेव्हा त्यांची बायको रुक्मिणीबाई बाळंतपणासाठी दवाखान्यात होती. माझ्यातलं गरम पाणी प्यायल्यावर दोन तासांनी तिला मुलगा झाला. त्याचं नाव प्रज्वल. श्रेय मी पाण्याला देत नाही, स्वतःकडेच ठेवतो.

तेव्हापासून गल्लीत माझं नाव झालं. कुणाची सून अडली, कुणाची लेक माहेरी आली, की पहिली धाव माझ्याकडे. ‘रुखमाबाई, थर्मास देता का?’ आणि ती कधी नाही म्हणाली नाही. मी परत येताना रिकामा येत नसे. कुणी माझ्यात मूठभर साखर घालून पाठवी, कुणी गुळाचा खडा. अशी तेवीस बाळंतपणं मी पाहिली. सगळी रडकी बाळं माझ्यापुढंच पहिल्यांदा रडली, असं म्हणायला हरकत नाही.

मग प्रज्वलचं लग्न झालं आणि या घरात छाया सून म्हणून आली. शाळेत शिकवणारी, कमी बोलणारी, हसली की डोळे बारीक करणारी. एक वर्ष गेलं, तीन गेली, आठ गेली, पण तिची कूस उजवली नाही. कुणी तिला टाकून बोलत नव्हतं. फक्त कुणी मला मागायला आलं आणि छाया फळीकडे वळली, की रुक्मिणीबाई हातातली भाकर तव्यावर टाकून लगबगीनं उठायची. ‘राहू दे, मी देतो,’ म्हणायची. एवढंच. छाया हात मागे घ्यायची. मला तेव्हा फार वाईट वाटायचं, पण थर्मासाला तोंड असून बोलता येत नाही.

यंदाच्या एप्रिलात छायानं मला आपल्या खोलीत नेलं. ‘रात्री गरम पाणी लागते, आई,’ असं तिनं सांगितलं. ते खोटं होतं. तिनं माझ्यात बर्फ भरला आणि कापडात गुंडाळलेली औषधाची डबी जपून आत ठेवली. घरात फ्रीज होता, पण तो दिवसभरात सगळ्यांनी उघडायचा. तिथं काही लपत नाही.

अकोल्याच्या दवाखान्यात दोघांचे उपचार चालू होते. बारा दिवस रोज सुई घेऊन छायाच्या पोटात बाळाची बीजं वाढवायची. मग डॉक्टरीणबाई ती अलगद बाहेर काढणार, प्रज्वलच्या बीजाशी त्यांची गाठ घालणार आणि जमलं तर पुन्हा तिच्या पोटात ठेवणार. दोनदा हे जमलं नव्हतं. ‘ही शेवटची खेप,’ छाया प्रज्वलला म्हणाली होती, ‘याच्यापुढं माह्यानं होत नाही.’ शेवटची सुई ठरल्या दिवशी संध्याकाळी सातच्या ठोक्याला घ्यायची होती. ती चुकली तर सगळी मेहनत पाण्यात. आणि ती सुई माझ्या पोटात होती.

त्याच दिवशी सकाळी, दोघं शाळेत आणि कामावर गेल्यावर, शेजारची बनाबाई आली. तिच्या सुनेला, मंजुश्रीला, कळा सुरू झाल्या होत्या. ‘तीन वाजता ऑटो येते. तवा घेऊन जातो,’ म्हणाली. रुक्मिणीबाई खोलीत आली आणि तिनं माझं झाकण उघडलं.

बर्फाचं पाणी पाहून ती चपापली. तिनं डबी काढली, कापड सोडलं, काचेची छोटी बाटली डोळ्यांजवळ धरली. अक्षरं तिला वाचता येईनात, पण सुनेनं लपवलेलं हे औषध मूल होण्यासाठीचं असणार, हे तिला लगेच उमगलं. मला वाटलं, आता रागावेल. तर तिनं ती डबी देव्हाऱ्यात नेऊन ठेवली, शेजारी तुपाचा दिवा लावला आणि पदर पसरला.

‘देवा, पोरीनं कोनापासून औषध आनलं मले ठाऊक नाही. पन या बारीनं गुन येऊ दे.’

मग तिनं मला आधी कोमट पाण्यानं विसळलं, म्हणजे थंड काच तडकू नये. माझी एवढी काळजी घेणारी बाई, आणि तिकडे घराच्या तापलेल्या पत्र्याच्या छपराखाली, दिव्याच्या धगीशी ते औषध हळूहळू वाया जात होतं. मला ओरडावंसं वाटत होतं.

दोन वाजता छाया आली. मला ओट्यावर पालथा पाहून ती दारातच थबकली.

‘आई, याच्यातलं कुठी हाय?’

‘देवापाशी ठेवलं, बाई. मले काय समजत नाही का?’

छायानं बाटली हातात घेतली. ती गरम होती. छाया तिथंच भिंतीला टेकून खाली बसली आणि तिनं प्रज्वलला फोन लावला. रुक्मिणीबाई बावरून पाहत राहिली. ‘अशी काऊन बसली? दिवा लावला म्या, वाईट काई केलं का?’

प्रज्वल धापा टाकत आला. सगळं ऐकून तो आईवर ओरडला, ‘आई, थे बर्फात ठेवा लागते! खराब झालं ना सारं!’

‘मंग मले सांगाचं नाही का? सुनेचं औषध अन् सासूपासून चोरून?’

‘सुनेचं नाही!’ त्याचा आवाज फाटला. ‘खोट माह्यात हाय, आई. डॉक्टरनं चार वर्षांपूर्वीच सांगतलं. सुया तेवढ्या हिच्या पोटात जातात. मीच म्हनलं होतं हिले, कोनाले सांगू नको म्हनून.’

इतकी वर्षं मला बाळंतपणाला देताना रुक्मिणीबाईनं जिचा हात लागू दिला नव्हता, तिच्याकडे तिला पाहवेना.

डॉक्टरीणबाईंना फोन झाला. तसलंच औषध शेगावच्या एका दुकानात मिळेल, पण बर्फातूनच आणा, असं त्यांनी सांगितलं. प्रज्वल गाडी काढत होता, तेवढ्यात बनाबाई मला न्यायला आली.

रुक्मिणीबाईनं मला छातीशी धरलं. ‘आज नाही भेटत थर्मास, बनाबाई. आज माह्या सुनेले लागते.’

बनाबाई आ वासून बघत राहिली आणि स्टीलचा डबा घेऊन गेली. मंजुश्रीला संध्याकाळी सुखरूप मुलगी झाली. माझ्यावाचून झाली, हे मला थोडं लागलंच. पण त्या वेळी मी बर्फ पोटात घेऊन शेगावच्या रस्त्यावर खड्डे मोजत होतो.

सात वाजता छायानं सुई घेतली. रुक्मिणीबाई पहिल्यांदाच समोर होती. छायाच्या पोटावर बेंबीच्या दोन्ही बाजूंना निळे-हिरवे डाग पडले होते. ‘एवढ्या सुया?’ रुक्मिणीबाईच्या तोंडून निघालं.

पुढचं सगळं अकोल्यात ठरल्याप्रमाणे झालं. मग दोन आठवडे वाट पाहणं आलं. घरात कुणी मोठ्यानं भांडंसुद्धा ठेवत नव्हतं. शेवटी दुपारी फोन आला. छायानं ऐकलं, ‘बरं’ म्हणाली आणि फोन खाली ठेवला. जमलं नव्हतं.

रुक्मिणीबाई तिच्याजवळ जाऊन बसली. ‘त्या दिवशीच्या माह्या हातानं झालं का, बाई?’

‘नाही आई. सुई तं वेळेवर लागली,’ छाया म्हणाली. सासूला समजावता समजावता तिचाच बांध फुटला. दोघी कितीतरी वेळ रडत होत्या.

मित्रांनो, या गोष्टीच्या शेवटी बाळ यावं असं मलाही फार वाटत होतं. ते आलं नाही. तुमच्या शेजारी कुणा काकूंना मूल नसेल, तर त्यांना ‘मूल का नाही?’ म्हणून विचारू नका. त्यांना आधी ‘जेवलात का?’ म्हणून विचारा. आणि दुसऱ्यानं जपून ठेवलेलं काहीही, विचारल्यावाचून हलवू नका, देवासमोर ठेवायलासुद्धा नाही.

परवा बनाबाई नातीच्या बारशाचं बोलावणं घेऊन आली. जाता जाता तिनं आवाज खाली आणला, ‘मंग, तुह्या सुनेचं काय?’ छाया तिथंच भाजी निवडत होती, प्रज्वल दारात होता. रुक्मिणीबाईनं आधी मुलाकडे पाहिलं. त्यानं होकाराची मान हलवली.

‘खोट माह्या पोरात हाय, बनाबाई,’ ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. ‘माह्या सुनेनं आमच्यासाठी लई सोसलं. आता कोनी तिले काई पुसाचं नाही.’