पूजेतून उठलेला ठोकळा

मित्रांनो, गॅरेजच्या दारात मला पाहून लगेच बसायला येऊ नका. मी स्टूल नाही. मी एक जुना ठोकळा आहे, ऐनाच्या लाकडाचा, हातभर उंच. माझ्या डोक्यावर आजवर काय काय उभं राहिलं ते ऐकाल, तर तुम्हीच मला जागा द्याल.

पनवेलच्या खाडीकाठी होड्या दुरुस्त करणाऱ्या काशीराम कोळ्याने मला तासलं. काठावर ओढून घेतलेल्या होडीला टेकू देणं, हे माझं पहिलं काम. कोळीवाड्याचा एक नियम होता. टेकूला हाताने थोपटून बघितल्याशिवाय होडीखाली कोणी शिरायचं नाही. काशीराम मला रोज थोपटायचा आणि मला ते फार आवडायचं.

मग मोठी लढाई आली. पळस्प्याच्या बाजूला माळावर लष्करी गाड्या दुरुस्त करण्याचा तळ पडला. काशीराम तिथे कामाला लागला आणि मलाही खांद्यावर टाकून घेऊन गेला. तिथे मी चिलखती गाडी पाहिली. चहूबाजूंनी जाड पोलाद, वर तोफेची नळी, आणि वजन असं की आमच्या दहा होड्या एका बाजूला ठेवल्या तरी पुरायच्या नाहीत.

तिला उचलायचा मान जॅकचा. जॅकसाहेबांचा तोरा काय विचारता! शाबासकी त्यांना, आणि मी नुसता चाकांच्या आसाखाली उभा. पण काशीराम म्हणायचा, "जॅक उचलतो, सांबालतो तो टेकू." काम झालं की माझ्या अंगावरचं ग्रीस तो कोरड्या फडक्याने पुसायचा, कारण तेलकट लाकडावरून लोखंड सरकतं. कुठे तडा गेलाय का, ते नखाने चाचपायचा. तिथले हवालदार दिनानाथही शिस्तीचे. गाडी सरकू नये म्हणून चाकांना अडण लावल्याशिवाय ते जॅकला हात लावू देत नसत.

चव्वेचाळीस सालच्या खंडेनवमीला सगळी हत्यारं धुऊन पूजेला मांडली. त्या वर्षी काशीरामने मलाही पाटावर बसवलं. हळद, कुंकू, झेंडूची माळ! खोटं कशाला बोलू, मी फुगलो होतो. पान्या-हातोड्यांच्या रांगेत सगळ्यांत उंच मीच होतो.

तेवढ्यात निरोप आला, एक चिलखती गाडी संध्याकाळपर्यंत रवाना करायची आहे. तिच्या मागच्या चाकाजवळून तेल गळत होतं. एक जॅक पूजेला न मांडता गाडीतच राहिला होता. त्याच्यावर गाडी उचलली, चाक काढलं. काशीराम खाली शिरायला वाकला आणि थांबला.

"येवडा उंच टेकू येकच, तो पूजेत हाय," तो म्हणाला. "उद्यापरयंत उचलता येनार नाय."

दिनानाथांनी पाटाकडे पाहिलं. एरवी इतके कडक, पण त्या दिवशी त्यांचाही धीर होईना. "राहू दे," ते म्हणाले. "पाच मिनिटांचं तर काम."

काशीराम शिरला. थोपटायला खाली काही नव्हतंच. मी पाटावरून बघत होतो. पावसाने जमीन अजून ओली होती आणि जॅकचा पाय तिच्यात हळूहळू रुतत होता. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. ती माळ मला इतकी नकोशी झाली म्हणून सांगू!

काशीरामची बायको गुणाबाई नैवेद्याचं ताट घेऊन आली, ती त्याच वेळी. गाडीखालून नवऱ्याचे पाय तेवढे दिसत होते.

"टेकू कुटं हाय?" तिने विचारलं. दिनानाथांची नजर पाटाकडे गेली. मग तिला मी दिसलो. ताट खाली ठेवून तिने मला माळेसकट उचललं.

"अहो बाई, पूजा मोडेल!" दिनानाथ म्हणाले.

"द्येवाला मी सांगीन काय ते," असं म्हणत तिने मला आसाखाली सारलं आणि वरून थोपटलं. तिचा हात बाहेर आला, जॅक कलंडला आणि ती अख्खी गाडी दोन बोटं खाली येऊन माझ्या डोक्यावर बसली. माझ्या अंगात कळ गेली. मी हललो नाही.

काशीराम सरपटत बाहेर आला. त्याच्या केसांत झेंडूच्या पाकळ्या होत्या. गुणाबाईने आधी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग ती रडायला लागली. दिनानाथांनी वाकून जॅकचा रुतलेला पाय पाहिला. "चूक माझी," ते म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून तळावरच्या प्रत्येक जॅकखाली जाड फळी आली.

लढाई संपली, तळ उठला. दोन वर्षं मी गुणाबाईच्या अंगणात रांजणाखाली काढली. मला कोणी थोपटेना, एका बाजूने वाळवीही लागली. मग काशीरामने ट्रकचं हे गॅरेज काढलं, वाळवी खरवडली, तेल पाजलं आणि मी पुन्हा कामावर रुजू झालो. आता तो थकलाय. त्याचा पुतण्या गणू गॅरेज बघतो.

मित्रांनो, आम्हा वस्तूंची पूजा जरूर करा. पण आम्हाला पुसा, आमचे तडे बघा, आणि ओझ्याखाली शिरण्याआधी आम्हाला आमच्या जागी उभं करा. आमचा मान तिथे आहे.

खंडेनवमीला गणू सगळी हत्यारं पाटावर मांडतो. मी मात्र कुठल्या तरी उचललेल्या ट्रकखाली असतो. गुणाबाईचे गुडघे आता दुखतात, तरी ती जमिनीवर बसते, वाकून हात आत घालते आणि मला आधी थोपटते. मग बोटभर कुंकू लावते.

"तू उटू नको बाबा," ती म्हणते. "तुजी पूजा हितंच."