राखीव खडक

शत्रूचा नायनाट हेच शूराचं जीवितकार्य असतं. मेलितोन कानुल या शूराला मात्र दर जुलैत एकच घोर लागे: शत्रू कमी तर पडणार नाही ना?

शत्रू म्हणजे सिंहमासा. पट्ट्यापट्ट्यांचा, विषारी काट्यांचा, परमुलखातून येऊन पोवळ्यांच्या खडकांत ठाण मांडलेला आणि दिसेल ते पिल्लू गिळणारा. गावच्या मच्छीमार सहकारी संस्थेने त्याच्या शिकारीची स्पर्धा लावली होती. जो सर्वांत जास्त सिंहमासे भाल्यावर घेईल, त्याच्या होडीतून जुलैतल्या सणाच्या दिवशी कोळ्यांच्या रक्षणकर्त्या कार्मेनमातेच्या मूर्तीची समुद्रात मिरवणूक. गेली तीन वर्षं माता मेलितोनच्याच होडीत बसत होती.

आज घरात मोठं जेवण होतं, पण सण नव्हता. लेक नेरेइदा आणि तिचा नवरा उद्या कान्कून शहराला निघणार होते, हॉटेलातल्या चादरी बदलायला. जाळ्यात तांबोशीच येत नाही, तर माणसाने करायचं काय? निरोपाच्या जेवणासाठी मेलितोनने चार सिंहमासे आणले. त्याच्या सासूबाई, दोन्या ओतिलिया, परसात ते साफ करायला बसल्या. त्यांनी कात्रीने काटे छाटले, एकाचं पोट चिरलं आणि हात थांबला.

"जावईबापू, इकडे या जरा."

फळीवर तांबोशीची बोटाएवढी पिल्लं पडली होती. एकाच पोटातून अकरा.

"गावच्या खडकांवरचे सिंहमासे हल्ली काटकुळे असतात," म्हातारी म्हणाली. "हे तर पाद्रीबाबांसारखे गुबगुबीत! कुठल्या कुरणात चारलेत?"

"असतील असेच कुठले तरी..."

"माझा नवरा चाळीस वर्षं समुद्रावर होता. थापा मी त्याच्याकडून ऐकल्यात, आणि तो तुमच्यापेक्षा बऱ्या मारायचा."

शेवटी मेलितोनने कबूल केलं. दक्षिणेकडचा एक खडक त्याने वर्षभर कुणाला दाखवला नव्हता, स्वतःही तिथे भाला मारला नव्हता. स्पर्धेसाठी राखून ठेवला होता. आज लेकीसाठी म्हणून तेवढे चार काढले.

"म्हणजे तुम्ही शत्रू पाळलात! आणि त्याला चारलंत काय? पोरीच्या तोंडचा घास! मातेला होडीत बसवायला लेकीला गावातून उठवलंत!"

नेरेइदा दारात उभी होती. "बाबा, खरं का हे?"

न जेवताच तो उठला, संस्थेच्या बैठकीत गेला आणि भरसभेत सगळं सांगून टाकलं. मग अध्यक्ष खाकरले.

"माझाही एक आहे. उत्तरेला."

एकेक करत सात खडक निघाले!

दुसऱ्या दिवसापासून सारं गाव मिळून ते सातही साफ करू लागलं. स्पर्धा बंद झाली. मातेची होडी चिठ्ठी टाकून ठरली. नेरेइदा मात्र थांबली नाही. तिची बस पहाटेची होती.

वाचकहो, ज्या संकटावर आपला मान उभा असतो, ते संकट आपण कधीच मुळापासून उपटत नाही. दुसऱ्याच्या दारातला शत्रू मारायला निघण्यापूर्वी आपण पाळलेला आधी मारावा.

सिंहमाशाची मादी दर चार-पाच दिवसांनी हजारो अंडी घालते, आणि त्या सातही खडकांवर तिला मोकळं रान होतं.