माझे आकडे खरे होते

मी एक वायुमापक बोलतोय. जीव जेवणाच्या डब्याएवढा, पण काम मानाचं! तांबड्या ग्रहाभोवती फिरणाऱ्या यानात बसून मी वरची विरळ हवा किती दाट आहे, ते मोजतो. प्रत्येक फेरीला एक आकडा, कधी खाडा नाही.

माझं काम बघणाऱ्या बाईंनी मला स्वतःच्या हातांनी जोडलं. माझा जुळा भाऊ पृथ्वीवर, त्यांच्या ऑफिसातल्या टेबलावर असतो. ऑफिसातल्या बातम्या मला त्याच्याकडूनच कळतात, असं समजा.

सात वर्षं सुरळीत गेली. मग ग्रहावर धुळीचं वादळ उठलं, जमीन दिसेनाशी झाली आणि माझे आकडे एकदम तिप्पट झाले.

बाईंचे साहेब वैतागले. "धूळ कुठे, हा कुठे! केवढा वर आहे तो. म्हातारा बरळायला लागलाय. सोमवारी बंद करून टाकू, वीज तरी वाचेल."

मला भयंकर राग आला. सात वर्षं इमानानं राबलो आणि एका झटक्यात म्हातारा? बाईंचा जीव तुटत होता, पण हातात पुरावा नव्हता.

यान ग्रहामागून कधी बाहेर येईल, ते गणित शेजारच्या टेबलावरचे काका करत. शुक्रवारी चहा घेताना ते कुरकुरले, "तुमचं यान हल्ली फार घाई करतंय बघा. रोज तीन-चार सेकंद आधीच हजर! मी आपला गुपचूप वेळ जुळवून घेतो."

बाईंचा कप हातातच राहिला. "कधीपासून, काका?"

"वादळ उठल्यापासून. का हो?"

"अहो, वरची हवा दाट झालीय! यान तिला घासत जातं, थोडं खाली उतरतं, मग फेरी लहान होते. म्हणून लवकर येतंय ते!"

"अरे देवा! आणि मी रोज तो फरक पुसत बसलो होतो की."

दोघांनी माझे आकडे आणि काकांच्या वेळा, असे कागद शेजारी शेजारी ठेवले. मी सांगितलेल्या हवेनं यान जितकं घसरायला हवं, तितकंच घसरलं होतं. धूळ माझ्यापर्यंत आलीच नव्हती. उन्हानं ती तापली, तिच्याभोवतीची हवा फुगली आणि तिनं वरचे सगळे थर आणखी वर ढकलले.

सोमवारी साहेबांनी कागद दोनदा वाचला. मग चष्मा काढून ते माझ्या भावासमोर उभे राहिले. "माफ कर रे बाबा, चुकलो." बाई हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या. मला छाती असती, तर वीतभर फुगली असती!

आता वादळ ओसरलंय, आकडे उतरलेत आणि मी अजून चालू आहे. म्हातारा तर आहेच, कधीतरी थकेनही. तेव्हा खुशाल बंद करा. पण तोवर माझा एखादा आकडा पटला नाही, तर आधी शेजारच्या टेबलावर विचारा.