कळसापर्यंत न पोचलेली होडी

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. शिडाची, बावीस फुटी, पोटात दोन बाकांची खोली असलेली. सोलापुरात, सात रस्त्याच्या मागच्या एका अंगणात मी सात महिने काढले. हसा, खुशाल हसा! सोलापुरात कुठला आलाय समुद्र, असं म्हणून तेव्हाही सगळे हसायचे. रिक्षावाले रिक्षा थांबवून माझ्याबरोबर फोटो काढायचे. पण माझी गोष्ट हसण्यासारखी नाही.

माझा जन्म कोकणातला. अंग फायबरचं, आतलं काम सागवानी. माझ्या तळाच्या फळ्या सुट्या ठेवलेल्या होत्या. फळी उचलली की खाली हात जायचा आणि आत झिरपलेलं पाणी फडक्यानं टिपता यायचं. काही वर्षं समुद्रात फिरले, मग पुण्याच्या एका साहेबांनी मला उजनी धरणाच्या पाण्यावर आणलं. दोन हिवाळे त्यांनी हौस केली. तिसऱ्या वर्षी मला काठावर ताडपत्रीखाली टाकून गेले ते गेलेच. उंदरांनी गाद्या खाल्ल्या, फळ्या काळ्या पडल्या. तिथंच मला हरिदासकाकांनी पाहिलं.

हरिदासकाका एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, हातानं काहीतरी केल्याशिवाय चैन न पडणारे. त्यांच्या पत्नी मीनाबाई करमाळ्याकडच्या. त्या लहान असतानाच त्यांचं गाव धरणात गेलं. गावचं देऊळ तेवढं पाण्याखाली अजून उभं आहे, आणि उन्हाळ्यात धरण आटलं की त्याचा कळस वर येतो. संसाराच्या धबडग्यात मीनाबाईंचं तो बघायला जाणं कधी झालंच नाही. आता त्यांना काचबिंदू झाला होता. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, नजर फार तर वर्षभर टिकेल. म्हणजे त्यांच्या हातात एकच उन्हाळा होता.

मला विकत घेतलं त्या दिवशी मीनाबाई काठावरच म्हणाल्या, "अवं, ह्या बिरुदेवाच्या होडीतनं जाऊ की उन्हाळ्यात. अर्ध्या तासाचं काम हाय. लांबनं दिसला तरी बास मला." बिरुदेव तिथला मासेमार, शेजारीच जाळं सोडवत बसला होता. तोही म्हणाला, "कवाबी या मामी, न्हेतो."

काका भडकले. "मासळीच्या वासात बसवू व्हय हिला? आपल्या होडीतनं जायाचं. राणीवानी!"

राणीवानी! मीही काय हुरळले म्हणून सांगू! त्या वासाच्या होडीकडं बघून मी नाक मुरडलं. ती माझी पहिली चूक.

मग मला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर घालून सोलापुरात आणलं. आतलं काम करायला चनबसप्पा मिस्त्री आले, मैंदर्गीचे. फ्लॅटचं फर्निचर आणि दुकानांचे काउंटर करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण होडी त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. माझ्या पोटात शिरून ते म्हणाले, "अय्यो, वन रूम किचनच हाय की हे!" आणि खरंच त्यांनी तसंच काम केलं. सुट्या फळ्या काढून अखंड प्लायवूड ठोकलं, त्यावर गुळगुळीत सनमायका चिकटवला. गॅसचा ओटा झाला, देव्हारा झाला, मीनाबाईंना धरायला दांडी झाली. एक कपाट माझ्या कुशीत बसवताना त्यांनी भिंत समजून लांब स्क्रू पिळला. तो माझ्या अंगातून आरपार बाहेर आला. मी कळवळले, पण मला तोंड आहे कुठं! "काय होत न्हाय काका," मिस्त्री म्हणाले आणि बाहेर आलेलं टोक कानशीनं घासून वर रंग मारला.

चैत्रात बिरुदेवाचा फोन आला. कळस दिसू लागला होता. मीनाबाई रोज विचारायच्या, "झालं का वो?" आणि काका रोज म्हणायचे, "पडदे राहिलेत," "गाद्यांची खोळ राहिली," "हा सनमायका जरा डार्क वाटतो गं." एक महिना असाच गेला. शेजारच्या बायका बघायला यायच्या, तोंडात बोट घालायच्या. मला फार बरं वाटायचं. मीनाबाई आत येऊन बसायच्या तेव्हा मात्र पडद्याचा रंग अगदी डोळ्यांजवळ धरून बघायच्या.

वैशाख संपता संपता एकदाची मी पाण्यात उतरले. मीनाबाई नवं लुगडं नेसून आल्या होत्या. काकांनी माझं छोटं इंजिन सुरू केलं. वीसेक मिनिटं गेली आणि पुढं पाण्यात काहीतरी ठिपक्यासारखं दिसू लागलं. तेवढ्यात स्क्रूच्या जागेतून आत आलेलं पाणी सनमायक्याच्या कडेनं वर आलं. मीनाबाईंचे पाय ओले झाले.

काका ओरडले, "अगं पाणी! प्लायवूड फुगंल सगळं! गाद्या वर घे!"

"फुगू द्या की!" मीनाबाई म्हणाल्या. "पाय भिजले तर भिजले. चला फुडं, आलंय जवळ."

"खुळी हाईस का? सात महिन्याचं काम हाय!"

मित्रांनो, माझ्या पोटात घागरभर पाणी होतं, जास्त नाही. एवढ्यानं मी बुडत नव्हते. कळसाला जाऊन परत आले असते, दहा वेळा आले असते! पण काकांनी मला वळवलं. मीनाबाई मागं तोंड करून बसल्या आणि काठ येईपर्यंत तशाच बसून राहिल्या. त्यांना काय दिसलं असेल कोण जाणे.

प्लायवूड उखडून वाळवेपर्यंत पाऊस आला. धरण भरलं आणि कळस बुडाला. पुढच्या वर्षी पाणी एवढं राहिलं, की भर उन्हाळ्यातही तो वर आलाच नाही. ऊसवाले खूश होते. मीनाबाईंची नजर दिवाळीतच गेली होती.

तरी काका त्यांना घेऊन आले. मला दुरुस्त केलं होतं, आता मी ठणठणीत कोरडी होते. पाण्याच्या मध्यावर काकांनी इंजिन बंद केलं आणि म्हणाले, "आलो बघ. ह्यो काय कळस, समोरच हाय." चहूकडं नुसतं पाणी होतं.

मीनाबाईंनी माझ्या काठावरून हात खाली सोडला, पाण्यात बोटं बुडवली. हळूच म्हणाल्या, "कशापायी खोटं बोलताय? धरण भरलंय, टीव्हीवर ऐकलंय मी. तुमाला बरं वाटावं म्हणून आले. वळवा आता."

काका माझ्या त्या सुंदर ओट्याला टेकून लहान मुलासारखे रडले.

तेव्हापासून मी काठावर बांधलेली आहे. काका येत नाहीत. पडदे उन्हानं विटले, आणि मला त्याचं आता काहीच वाटत नाही. मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असं मी सांगायला हवं. नाही सांगत. तुमच्या घरात कुणी 'मला तिथं घेऊन चला' म्हणत असेल, तर पायात असतील त्या चपला घालून आजच निघा. मिळेल त्या होडीतून न्या, मासळीच्या वासाच्या होडीतून न्या. मला हात नाहीत, तरी हात जोडून सांगते.