सुकतीचा पडदा

मी एक जुना पडदा आहे. नाटकाचा. मित्रांनो, म्हातारी वस्तू बोलू लागली की शेवटी सगळ्यांना क्षमा करते, असा तुमचा अनुभव असेल. मोडकी खुर्ची बसणाऱ्याला क्षमा करते, फाटकी छत्री पावसाला. माझ्याकडून तसली अपेक्षा ठेवू नका. माझा एका माणसावर राग आहे, आणि तो मी वीस वर्षं कसर लागू न देता जपला आहे. आधीच सांगितलेलं बरं.

माझा जन्म रेवदंड्याचा, सन सत्तेचाळीसचा. देश स्वतंत्र झाला त्या साली देवळाच्या उत्सवातल्या नाटकाला नवा पडदा हवा, असं नाट्यमंडळाने ठरवलं. कापड तेव्हा रेशनवर मिळायचं. अकरा घरांनी आपापल्या वाट्याचं मांजरपाट दिलं, ते जोडून मी झालो. त्या वर्षी गावातले अकरा पुरुष विरलेल्या सदऱ्यांत हिंडले ते माझ्यापायी. नाटकाला ते अकराही जण पहिल्या रांगेत बसत आणि माझ्यात आपला सदरा शोधत.

माझ्याआधी मंडळाकडे दोन पडदे होते, दोन्ही मुंबईहून आणलेले, एक महालाचा आणि एक जंगलाचा. महालाच्या चित्रकाराने चोवीस खांब काढले होते आणि त्यातले एकवीसच छपरापर्यंत पोचत होते. पण सोनेरी रंग इतका फासला होता की मोजायचं कुणाला सुचत नसे. जंगलाच्या चित्रकाराला मात्र मी मानतो. त्याने एकाच झाडाचा छाप साठ वेळा मारला, पण प्रत्येक बुंध्याशी सावली वेगळी टाकली. त्या सावलीत नाटकातले साधू, चोर आणि राजकन्या बिनधास्त लपत. चित्रकाराने एक गोष्ट खरी करून दिली की उरलेलं बघणारा आपलं आपण खरं करून घेतो.

आणि माझा चित्रकार गुणाजी. तो बंदरावर होड्या रंगवायचा, आणि होडीच्या तोंडावर मालकाचं नाव लिहायचा. अक्षर असं, की ज्याला वाचता येत नाही तो मालकही आपल्या नावावरून हात फिरवत उभा राहायचा.

मंडळाचे अध्यक्ष महादेवराव. नारळ-सुपारीची मोठी वाडी, मोठा आवाज आणि प्रत्येक विषयावर एकेक मत. त्यांचं घर समुद्रापासून दोनशे पावलांवर होतं. पण ओटीवरच्या झोपाळ्यावर ते वर्षानुवर्षं समुद्राकडे पाठ करून बसले, कारण नमस्कार करणारी माणसं रस्त्याच्या बाजूने जात. ही गोष्ट लक्षात ठेवा. मी ठेवली आहे.

"गुणाजी, पडदा तुलाच रंगवायचाय," महादेवराव म्हणाले. "खाडी काढ. आपली खाडी. बोल, काय घेशील?"

"काय नको, भाऊसाहेब. देवाचं काम हाय. फक्त खाली कोपऱ्यात चार बोटं जागा द्या. नाव लिवीन म्हणतो."

"अरे, एकदा काय, दोनदा लिही!"

गुणाजीने आयुष्यभर दुसऱ्यांची नावं लिहिली होती. स्वतःचं नाव त्याने आजवर कशावरच लिहिलं नव्हतं, कारण त्याची स्वतःची होडी नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीत शाळेच्या पडवीत मला पसरलं. डिंकासारखा पाण्यात विरघळणारा सरस, खडूची भुकटी, कपड्यांची नीळ, गेरू आणि चुलीवरची काजळी, एवढ्यात गुणाजीने समुद्र केला. मित्रांनो, सरसाचा रंग ओला असताना गडद दिसतो आणि वाळला की फिका पडतो. म्हणजे हाताखाली दिसतं ते खरं नसतं. उद्या काय दिसेल ते मनात धरून आज रंगवावं लागतं. गुणाजी प्रत्येक रंग आधी कौलाच्या तुकड्यावर लावून उन्हात ठेवायचा आणि तो वाळेपर्यंत विडी ओढत बसायचा. मग उठून पडवीच्या पार टोकाला जायचा, नाटकाला कोळणी बसतात तेवढ्या लांब, आणि तिथून एक डोळा मिटून माझ्याकडे बघायचा. महालाच्या चित्रकाराने पहिल्या रांगेसाठी चित्र काढलं होतं. माझा चित्रकार शेवटच्या रांगेसाठी काढत होता.

डावीकडे समुद्र, उजवीकडे खाडी, मधे नांगर टाकून उभ्या सात होड्या. काम संपलं त्या दुपारी बायजा कोळीण मासळीची टोपली घेऊन पडवीवरून चालली होती. ती थबकली.

"अगो बाय," ती म्हणाली. "सुकती लागली का? मी तर भरतीच्या हिशेबानं निघालेली."

सुकती म्हणजे ओहोटी. बायजाने टोपली खाली ठेवली आणि जवळ आली.

"अर्धी सुकती झाली हाय. आनखी जरा वेळानं गाळात पाय टेकतील. काय रं गुणाजी, बरोबर ना?"

गुणाजीने नुसती मान हलवली. मग विझलेली विडी पुन्हा पेटवायला घेतली, उलट्या टोकाने. मी पुढे पुष्कळ टाळ्या ऐकल्या, पण मला मिळालेलं खरं बक्षीस ते. चित्रात पाणी काढता सगळ्यांना येतं. ते पाणी चाललंय हे दिसावं लागतं.

"आता नाव लिहितो," तो महादेवरावांना म्हणाला.

"रंग वाळू दे रे. नाटक झालं की लिही."

उत्सवाला मुंबईहून एक पाहुणे आले होते, चित्रकला शिकवणारे मोठे मास्तर. दिवेलागणीला पहिला अंक उघडला, आणि माझ्यासमोर राजा येऊन उभा राहिला तरी मास्तर राजाकडे बघेनात.

"हे कुणी रंगवलं?" त्यांनी शेजारी बसलेल्या महादेवरावांना विचारलं.

महादेवराव खोटं बोलले असं मी म्हणणार नाही. ते लाजले. मान खाली घालून, उपरण्याचं टोक चाळवत म्हणाले, "छे, छे. हे आपलं आमचं काहीतरी."

पाहुण्यांनी त्यांचा हात हातात घेतला. मध्यंतरात त्यांना रंगमंचावर नेलं आणि तो हात उंच धरून सगळ्यांना दाखवला. टाळ्या पडल्या.

माझी दोरी तेव्हा गुणाजीच्या हातात होती, कारण पडदे ओढायचं कामही त्याचंच. मी वर ओढलेला, तयार होतो. माझ्या खालच्या कडेला चांगला जाड बांबू आहे आणि महादेवराव बरोबर त्याच्याखाली उभे होते. गुणाजीने दोरी नुसती सैल सोडायची होती. पण तो भला माणूस होता. दोरी भल्या माणसाच्या हातात असली की सूड लांबतो, हा माझा अनुभव आहे.

दुसऱ्या दिवशी महादेवराव शाळेत आले.

"गुणाजी, आता कोपऱ्यात माझंच नाव टाकावं लागेल. पाहुण्यांसमोर बोलून गेलो ना. गावाच्या अब्रूचा प्रश्न आहे." मग जरा थांबून म्हणाले, "तूच लिही. तुझं अक्षर चांगलं आहे."

त्याने लिहिलं. चार बोटं जागेत, सुरेख वळणाने: महादेवराव. मित्रांनो, माझ्या अंगात उंदरांनी पाडलेली एकोणीस भोकं आहेत. त्यातलं एकही त्या सहा अक्षरांइतकं दुखलं नाही.

बायजाला कळलं तेव्हा ती बंदरावर त्याच्या समोर जाऊन उभी राहिली.

"मेल्या, तोंड नव्हतं तुला?"

"चित्र तर माजंच हाय ना, बाय."

"चित्र तुजं नि नाव त्याचं! उद्या माज्या पापलेटावर कुनी आपलं नाव लिवलं तर मी गप बशीन? काटा काढून हातात दीन त्याच्या!"

त्यानंतर महादेवराव चित्रकार झाले. चित्र काढल्यावाचून चित्रकार होणं फार सोयीचं असतं. हात स्वच्छ राहतात. ते खांद्यावर झोळी अडकवू लागले, श्रीवर्धनला जाऊन 'कला आणि जीवन' या विषयावर बोलू लागले. नवं चित्र कधी काढणार असं कुणी विचारलं, की डोळे मिटून म्हणत, "अजून आतून हाक येत नाही." इकडे दर पावसाळ्यात माझा रंग झडे आणि दर दिवाळीत गुणाजी तो भरून देई. कोपऱ्यातलं नावही झडे. तेही तोच भरी. मी ते मुद्दाम झाडत होतो, हे त्या बापड्याच्या ध्यानात येत नसे.

अशी चौदा वर्षं गेली. महाराष्ट्र राज्य झालं, त्याच्या पुढच्या वर्षीच्या उत्सवात महादेवरावांचा सत्कार ठरला. शाल, श्रीफळ, आणि तेच मास्तर पाहुणे म्हणून. ते आता पिकले होते, काठी टेकत आले.

"मी चौदा वर्षं विद्यार्थ्यांना या पडद्याबद्दल सांगतोय," ते भाषणात म्हणाले. "यातलं पाणी उभं नाही. आज महादेवरावांनी आपल्यासमोर चार फटकारे मारून दाखवावेत, एवढीच माझी इच्छा आहे."

टाळ्या थांबेनात. महादेवरावांना आतून हाक आली नव्हती, पण बाहेरून इतकी मोठी आली की नाही म्हणायची सोय उरली नाही. त्यांनी घरून रंग मागवला. वाडीच्या फाटकाला लावायचा निळा तेलरंग, डब्यातला. सरसाच्या रंगावर तेलरंग लावत नाहीत, हे त्यांना ठाऊक नव्हतं. दोरी धरून उभ्या असलेल्या गुणाजीला होतं. तो बोलण्यासाठी पुढे झाला आणि मग, का कुणास ठाऊक, पुन्हा मागे सरला.

महादेवरावांनी माझ्या छाताडावर आठवी होडी काढली. होडी कमी, चप्पल जास्त. बाकीच्या होड्यांचं बघून तिलाही नांगराचा ताठ दोर लावला. फक्त तोंड केलं समुद्राकडे.

"ही होडी," ते सभेकडे वळून म्हणाले, "नव्या महाराष्ट्राची आहे! बाकीच्या मागे बघतायत. ही पुढे बघते!"

मागच्या रांगेत कुणीतरी फसकन हसलं. मग दुसरं. मग सगळ्या कोळणी पदर तोंडात कोंबून गदगदू लागल्या.

"काय झालं?" पाहुण्यांनी विचारलं.

बायजा उभी राहिली. "मास्तर, नांगरावरची होडी आपल्या मनानं तोंड फिरवत न्हाय. पानी जिकडून येतं तिकडं तिचं तोंड. सुकतीला पानी खाडीतून येतं, म्हनून या सात होड्या खाडीकडं बगतान. ह्या आठवीचा समुद्र येगला हाय का, तेवडं इचारा भाऊसाहेबांना."

पाहुणे माझ्याजवळ आले. काठीच्या टोकाने एकेक होडीचं तोंड मोजलं. मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, "महादेवराव, तुमच्या या चित्रात भरती आहे की ओहोटी?"

ओहोटी म्हणणं महादेवरावांना शुभ वाटेना, तेही सत्काराच्या दिवशी.

"भरती!" ते म्हणाले. "अर्थात भरती!"

यानंतर जे हसू झालं तसं आमच्या मंडळाच्या एकाही विनोदी नाटकाला मिळालेलं नाही. पहिल्या रांगेतले अकरा सदरेसुद्धा हलत होते.

बायजा तशीच रंगमंचावर चढली. तिने पदराचं टोक पाहुण्यांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या तांब्यात बुडवलं आणि कोपऱ्यातलं नाव पुसून टाकलं. सरसाचा रंग, दोन हातांत गेला.

"आता तुजं लिव," ती गुणाजीला म्हणाली.

पाहुण्यांनी महादेवरावांच्या हातातला कुंचला काढून गुणाजीला दिला. मी श्वास रोखला. पडद्याला तो असतो.

गुणाजीने कुंचला हातात फिरवून बघितला. कोपऱ्याकडे गेला नाही. तो त्या आठव्या होडीपाशी गेला, तेलरंगाच्या डब्यात कुंचला बुडवला, आणि बंदरावर प्रत्येक होडीच्या तोंडावर लिहितो तसं, अत्यंत देखण्या अक्षरात लिहिलं: महादेवराव.

"ज्याची होडी त्याचं नाव," तो म्हणाला. "आमचा धंदाच हाय तो, भाऊसाहेब."

"आनि तुजं?" बायजाने विचारलं.

"तुला सुकती दिसली ना, बाय? मग झालं."

दुसऱ्या दिवसापासून महादेवराव झोपाळ्यावर समुद्राकडे तोंड करून बसू लागले. समुद्र आवडायला लागला म्हणून नव्हे. रस्त्याने जाणारा प्रत्येक जण नमस्कार करून विचारी, "काय भाऊसाहेब, भरती की सुकती?"

आता मंडळ बंद आहे. मी शाळेच्या माळ्यावर असतो. गुणाजी गेला, त्यालाही दोन पावसाळे झाले. त्याच्यामागे माझा झडलेला रंग भरणारं कुणी नाही. कोपऱ्यातली ती चार बोटं जागा अजून कोरी आहे. तिच्यावर मी डाग पडू दिलेला नाही. आठवी होडी तेलरंगाची, तिला काही होत नाही.

मित्रांनो, म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. मला घडी घालून ठेवू नका, बांबूवर गुंडाळा. पावसाळ्याआधी माळ्याची कौलं बघा. वर्षातून एकदा उन्हात पसरा, आणि पसराल तेव्हा पार टोकाला जाऊन, एक डोळा मिटून बघा. गुणाजीचं पाणी जपा. ते चाललेलं दिसतंय तोवरच ती होडी चुकलेली आहे. पाणी झडून गेलं की मांजरपाटावर नुसतीच एक होडी उरेल, तोंड कुठेही असलेली, आणि महादेवराव सुटतील.

ते सुटता कामा नयेत. मला ओल लागू देऊ नका.