पुसलेली काच

बाईंचा एक डोळा कधीचाच निकामी झालेला. दुसऱ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि पट्टी उद्या सुटायची होती. दिसेल की नाही, हे डॉक्टरांनीही छातीठोकपणे सांगितलं नव्हतं. घरात मात्र त्या विषयावर कुणी चकार शब्द काढत नव्हतं. कुणी म्हणजे नवराच. घरात होती तरी दोघंच. शाळेतल्या नोकरीमुळे सगळे तिला बाई म्हणत, म्हणून तोही बाईच म्हणायचा.

त्याचा जन्म छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेला. शेकडो पुस्तकं नजरेखालून गेली, पण गोष्ट म्हणून एकही वाचली नाही. त्या दुपारी बाईंनी आपली आवडती जुनी कथा वाचायला सांगितली, तर हा गडी एका सुरात सुरू झाला.

"ही मीच तपासली होती," मध्येच तो म्हणाला. "एक ओळ दोनदा पडली होती."

"आणि कथेत काय होतं?"

"ते काही आठवत नाही बुवा."

बाई हसल्या. "वर्गात मी मुलांकडून वाचून घ्यायचे, तसं वाचा. थांबत थांबत. मनात येईल ते तिथल्या तिथे मोठ्यानं बोलायचं."

"माझ्या मनात काही येत नाही."

"अहो, मन आहे ना? मग येईल."

कथा दीपगृहाच्या रखवालदाराची. बायको पलीकडच्या गावी गेलेली, संध्याकाळ झाली तरी होडीचा पत्ता नाही, आणि हा आपला दिव्याची काच पुसतोय. पुसलेलीच पुन्हा पुसतोय.

"थांबा. का पुसतोय?"

"डाग असेल."

"काच लख्ख होती, असं आत्ताच वाचलंत."

तो ओळीवर परत गेला. खरंच होतं. "मग... हाताला काहीतरी चाळा हवा असेल."

"छान. असं कुणी ओळखीचं आठवतं?"

"नाही."

"मला आठवतं. सकाळपासून एकच कप विसळत बसलेलं माणूस. पट्टी डोळ्यांवर आहे हो, कानांवर नाही."

तो हळूच शेवटचं पान उघडायला लागला. सळसळ ऐकून बाईंनी चाचपत पुस्तकावर हात ठेवला.

"असं नाही. आधी अंदाज सांगा. होडी येईल?"

"ते नको विचारूस. तो बोलत का नाही, ते सांगतो. बोललं तर खरं होईल, असं वाटतं त्याला." त्यानं पुस्तकावरच्या तिच्या हातावर हात ठेवला. "उद्या तुला दिसलं नाही तर, बाई?"

बाईंचे ओठ हलले. देवाचं नाव घेत होत्या. मग म्हणाल्या, "मलाही तीच धास्ती आहे. बरं झालं, एकानं तरी बोलून दाखवलं. नाही दिसलं, तर तुम्ही असंच वाचत जा."

"आणि दिसलं तर?"

"तरी तुम्हीच वाचायचं. मी तुमच्याकडे बघत बसेन."

त्यानं बाहीनं डोळे पुसले, दुमडलेलं पान सरळ केलं.

"इथे थांबतो," तो म्हणाला. "मनात आलंय. होडी येईल."

"कशावरून? ओळ दाखवा."

"ओळ नाही सापडली अजून. पुढे वाचतो."